‘नुसता बघत होतो’ म्हणून भागत नाही!

गणपतीत गुहागरकडच्या घराघरांतून जागरणं होतात. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, आरत्या-भजनं आटोपतात, आपण चहाचं आधण चढवतो आणि ओटीवर पत्त्यांचा डाव रंगतो. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट यांत वाईट काहीच नाही. पण मध्यरात्रीनंतर एखाद्या ओटीवर तीन पत्ती सुरू होते, नोटा पडू लागतात आणि बाजूला नववी-दहावीतली मुलं डोळे विस्फारून बसलेली असतात. “सणाचं आहे, चालायचंच,” असं म्हणून आपण आत वळतो. भगिनींनो, इथेच जरा थांबायला हवं.

धर्मराजाची गोष्ट मुलांनी लहानपणीच ऐकलेली असते. उपदेश या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचं हे वय! पण ‘कायदा काय म्हणतो’ हे सांगितलं, की तीच मुलं कान टवकारतात, उलट प्रश्न विचारतात. म्हणून कायदा आपल्याला ठाऊक हवा.

मटक्यापासून मोबाईलपर्यंत

पूर्वी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर मुंबईत आकडा लागे. ते भाव यायचे थांबले, तेव्हा चिठ्ठ्या मडक्यातून काढायची टूम निघाली. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा. ज्या गिरणगावात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले कितीतरी कामगार राहत, तिथेच तो फोफावला. मनीऑर्डर आली नाही म्हणजे गावाकडे चूल कशी पेटवायची, हे त्या काळच्या बायकांनाच ठाऊक! आज आकडा लावायला कुठे जावंही लागत नाही. तो मुलाच्या खिशातल्या मोबाईलवर आला आहे.

मुलांना एवढं सांगाच

१) आपल्याकडचा जुगारबंदीचा मूळ कायदा १८८७ सालचा आहे. घरच्या घरी गंमत म्हणून पत्ते खेळणं वेगळं आणि जागा देऊन त्यावर कमाई करणारा अड्डा वेगळा. अड्ड्यावर जुगार चालू असताना जो सापडेल, तो जुगारासाठीच आला होता असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं, हे त्यानेच सिद्ध करायचं. “मी नुसता बघत होतो” म्हणून भागत नाही!

२) “गोव्यात चालतं, मग इथे का नाही?” हा प्रश्न हमखास येणार. जुगाराचा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो. गोव्याने कॅसिनोला परवाना दिला, आपण दिलेला नाही.

३) मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही.

४) “तुझं बँकेचं खातं दे, महिन्याला हजार देतो,” असं कुणी म्हटलं तर साफ नाही म्हणायचं. सट्ट्याचा पैसा त्या खात्यातून फिरला, की पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

सगळ्यांत महत्त्वाचं

मुलगा हरतो, उधारी होते, वसुलीवाला दमदाटी करतो. मग आईच्या पर्समधले पैसे नाहीसे होतात, हळूच एखादी अंगठीही. का? तर ‘देणं फेडलंच पाहिजे’ असं त्याला वाटतं म्हणून! त्याला आधीच सांगून ठेवा: १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे पैजेत जिंकलेले पैसे कोर्टात मागता येत नाहीत आणि अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार तर करारच नव्हे. त्या पैशांसाठी धमकावणं हा मात्र गुन्हा आहे. म्हणजे घाबरायचं वसुलीवाल्याने, मुलाने नव्हे.

पण हे कळूनही तो तुमच्यापाशी येईल कधी? घरात पाऊल टाकताच वडिलांचा पट्टा निघणार नाही, याची खात्री असेल तेव्हाच. म्हणून यजमानांशी आधी बोलून ठेवा. मूल कबूल झालं, तर त्या रात्री रागावू नका. जेवायला वाढा, रक्कम विचारा, मोबाईलमधले निरोप जपून ठेवा. धमकी असेल तर ११२, पैशांची ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३०. “आता नाही खेळणार” म्हणूनही हात थांबत नसेल, तर तो हट्ट नव्हे, व्यसन आहे. सरकारच्या टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. त्यात लाज कसली? ताप आला तर आपण डॉक्टरकडे नेतोच ना!

आणि हो, यंदा जागरणाला ओटीवर नोटा दिसल्या, तर चहाचा ट्रे घेऊन जाताना हसत सांगा, “भावोजी, पैसे खिशात ठेवा हं, मुलं बसली आहेत.” कोकणातली माणसं वहिनींचा शब्द मोडत नाहीत!