चारा करपल्यास सरकारी साह्य किती?

अवर्षणात माणसाच्या आधी मुके जनावर संकटात सापडते, हे आपणांसारख्या जाणत्या गृहस्थांस सांगणे नको. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००८ सालच्या शेतकी कायद्याने अशा प्रसंगी गुरे पाळणाऱ्यांस साह्य देण्याची योजना घातली व २०१४ सालच्या कायद्याने ती कायम केली. तिचे मर्म असे की, जनावर मरेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. तेथे दर आठवड्यास दुष्काळाचा नकाशा प्रसिद्ध होतो. चराईच्या हंगामात एखादी कौंटी, म्हणजे तेथील जिल्हा, त्यात ‘अत्यंत तीव्र’ प्रतीत गेला की पात्र मालकास तीन महिन्यांचे साह्य मिळू शकते.

मात्र ते सरकारने ठरविलेल्या मासिक वैरणखर्चाच्या हिशेबाने शेकडा ६० इतकेच असते. सरकारी कुरणास आग लागून चराई बंद झाल्यास शेकडा ५०. बाकीचा भार मालकाच्याच शिरावर. कर्ज काढून वैरण घ्यावी, की जोपासलेला कळप मातीमोलाने विकावा, हा प्रश्न उरतोच. तात्पर्य, सरकारी साह्य हा आधार खरा, परंतु पुरा नव्हे. उरलेली उणीव समाजाच्या औदार्यानेच, आणि तीही वेळेवर, भरून निघाली पाहिजे.