कॉलेजचा खर्च आणि आपली घरे

जून-जुलै महिना आला की बँकेच्या काउंटरवर बसल्या बसल्या आम्हाला कळते, प्रवेश सुरू झाले. मुदतीपूर्वी ठेव मोडण्याचे अर्ज वाढतात, सोनेतारणाच्या टेबलापुढे रांग लागते, बचत गटाच्या बाया पुढचे कर्ज कधी मंजूर होणार म्हणून विचारायला येतात. कर्जाचे कारण अर्जावर लिहावे लागते. पूर्वी तेथे लग्न, आजारपण, घरदुरुस्ती असे. आता मुलाचे शिक्षण, मुलीचे शिक्षण, हेच जास्त. आमची नोकरी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत झाली. चित्र दोन्हीकडे एकच.

हा खर्च वाढला कसा, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले गेले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांना बडोद्याच्या महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ साली ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते प्राध्यापकीतली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांवर. घरी रमाईंनी त्या वर्षांत काय सोसले ते आपल्या समाजात सांगावे लागत नाही. तात्पर्य, शिक्षणासाठी कर्ज काढणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे.

त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालवायला घेतले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथे 'कमवा आणि शिका' हे तत्त्व होते. मुलाने शेतात, बांधकामावर राबावे आणि शिकावे. बापाच्या खिशाकडे कोणी पाहत नव्हते. पुढे शासनाच्या अनुदानामुळे कला-विज्ञानाच्या कॉलेजांची फी बरीच वर्षे माफक राहिली. आम्ही स्वतः बी.ए. झालो ते अशाच कॉलेजात, आणि आमच्या वडिलांना फीसाठी कोणाच्या दारात जावे लागले नाही.

वळण आले ते १९८३ साली. सांगलीचेच वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. राज्यात अभियांत्रिकीच्या जागा थोड्या, त्यामुळे आपली मुले देणग्या भरून कर्नाटकात जात. कॉलेजे काढायला सरकारकडे पैसा नव्हता. दादांनी विनाअनुदान तत्त्वावर खासगी संस्थांना परवानगी दिली. वाळवा तालुक्यापासून कराडपर्यंत कॉलेजे उभी राहिली. दादांना दोष देणे सोपे आहे. पण ही कॉलेजे नसती तर आपल्या भागातील कितीतरी शेतकऱ्यांची मुले इंजिनिअर झाली नसती. मात्र जे बिल सरकार भरत होते, ते कुटुंबाकडे आले. देणगीवर बंदी घालणारा कायदा १९८७ साली झाला. उन्नीकृष्णन खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा मोफत आणि निम्म्या पैसे भरून अशी विभागणी केली. ती २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने गेली. आता २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची फी ठरवते. ती ठरते संस्थेच्या हिशेबी खर्चावरून: पगार, इमारत, प्रयोगशाळा, वर विकासशुल्क. खर्च वाढला की फी वाढते. पालकाची ऐपत या हिशेबात कोठेच येत नाही.

आणि हे फक्त इंजिनिअरिंगचे आहे असे समजू नये. जुन्या अनुदानित कॉलेजातसुद्धा संगणकाच्या, व्यवस्थापनाच्या तुकड्या विनाअनुदानित असतात. एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर बी.ए.ची फी वेगळी आणि वरच्या मजल्यावर बी.सी.ए.ची कितीतरी पट.

आपले लोक म्हणतील, आपल्याला तर शिष्यवृत्ती आहे. आहे, आणि तिची मुळे बाबासाहेबांच्याच १९४४ च्या प्रयत्नांत आहेत. घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फी आणि निर्वाह भत्ता. त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क मिळते, भत्ता मिळत नाही. पण येथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि तिच्यापायी घरे बुडतात. व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झाला असेल तरच हा लाभ मिळतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. एखादा एजंट भेटतो, "सीट पक्की करून देतो, शिष्यवृत्तीचे मागाहून बघू," म्हणतो. मागाहून बघण्यासारखे काही उरत नाही. चार वर्षांची पूर्ण फी बापाच्या बोकांडी बसते. जात पडताळणीचेही तसेच. अकरावीतच अर्ज करून ठेवला नाही तर ऐन प्रवेशाच्या वेळी धावाधाव होते.

दुसरी अडचण उशिराची. महाडीबीटीवर अर्ज भरला तरी पैसे कधी वर्ष संपताना, कधी त्यानंतर जमा होतात. आमच्या पुतणीचा अनुभव सांगतो. शेवटच्या वर्षाची रक्कम आली नव्हती म्हणून तिच्या कॉलेजने गुणपत्रिका आणि दाखला अडवून धरला. हातात नोकरीचे पत्र होते, कागद नव्हते. आमच्या वहिनींनी पाटल्या गहाण ठेवून पैसे भरले, मगच कागद मिळाले. शिष्यवृत्ती सात महिन्यांनी आली. तोवर ती नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली होती. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ पासून बजावलेले आहे, हे आम्हाला नंतर कळले. आधी कळते तर कॉलेजला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली असती, आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे प्रत पाठवली असती. बँकेत राहूनही आम्हाला हे सुचले नाही, याची रुखरुख आहे.

फी सुटली तरी खर्च सुटत नाही. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, तिचे डिपॉझिट, मेस, लॅपटॉप, एस.टी.चे भाडे, आणि त्याआधी दोन वर्षे सी.ई.टी.-नीटचे क्लास. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर २०१६ साली सुरू झालेल्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मिळतात. पण तेही उशिरा, आणि घरमालक तर दर महिन्याला दारात उभा असतो.

या ओढाताणीत कात्री कोठे लागते? आम्ही पाहिले ते सांगतो. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला जातो आणि त्याच्यापेक्षा चार टक्के जास्त मिळवलेली बहीण गावाजवळच्या कॉलेजात बी.ए.ला. "तिला जवळच बरे," असे आई-वडील म्हणतात. खरे कारण पासबुकात दिसते.

आता कर्जाचे. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत घर-जमीन तारण मागितले जाऊ नये. आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. पण सही करण्यापूर्वी हिशेब मांडावा. समजा, चार वर्षे दरवर्षी एक लाख उचलले आणि व्याज दहा टक्के आहे. शिक्षणाची चार वर्षे आणि नंतरचे एक, असा हप्ता नसलेला काळ. पुष्कळांना वाटते या काळात व्याजही नाही. व्याज चालूच असते. सरळव्याजाने पहिल्या वर्षी १०, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४० आणि शेवटच्या वर्षी पुन्हा ४० हजार. एकूण १ लाख ४० हजार. म्हणजे हप्ता सुरू होताना देणे ५ लाख ४० हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ७,१४० रुपये. तेच व्याज त्या त्या महिन्याला भरत गेले, पहिल्या वर्षी ८३३ रुपये, चौथ्या वर्षी ३,३३३, तर हप्ता बसतो सुमारे ५,२९० चा. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी या काळाचे व्याज केंद्र सरकारने भरण्याची योजना २००९ पासून आहे. मात्र कॉलेज मान्यतेच्या अटीत बसले पाहिजे. कर्ज घेतानाच शाखेत उत्पन्नाचा दाखला देऊन विचारावे. मागाहून सहसा कोणी आपण होऊन सांगत नाही, आमच्यासारखे कारकूनसुद्धा.

गेल्या जुलैत एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. साखर कारखान्यात हंगामी नोकरी. ठेव मोडायची होती, तिच्या लग्नासाठी ठेवलेली. आम्ही विचारले, प्रवेश कॅपमधून आहे का? मुलीनेच पिशवीतून पत्र काढून दाखवले. होता. मग फीसाठी ठेव मोडण्याची गरज नव्हती. खोलीच्या डिपॉझिटपुरती ठेवीवर उचल दिली आणि पावती त्यांच्या हाती परत ठेवली. मुलीने ती दोनदा वाचली आणि घडी घालून वडिलांच्या खिशात ठेवली.