पारख नाण्याची, कसोटी सचोटीची

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणाकाठचे गाव एके काळी तगर या नावाने ओळखले जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात या बाजारपेठेचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या पेठेतून कापड भडोचच्या बंदराकडे जात असे. व्यापार तेथे नाणे, म्हणूनच तेरच्या मातीत सातवाहनकालीन नाणी सापडत आली. गावात मिळणाऱ्या अशा वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी निष्ठेने जमविल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेर येथे आहे.

जुन्या नाण्यांची आवड वाढत असताना त्यांची नक्कल करणारेही वाढले आहेत. लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवण्यासाठी घेतलेला ‘राणी छाप’ रुपया किंवा हौसेने विकत घेतलेली शिवराई खरी आहे काय, हा प्रश्न आज व्यापारी कुटुंबांनाही पडतो.

वजन, काठ आणि ठसा

पहिली कसोटी वजनाची. व्हिक्टोरिया राणीपासून पंचम जॉर्जपर्यंतचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅम वजनाचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असते. दीर्घ वापराने थोडी झीज होते, हे खरे. परंतु ठसा ताजा आणि वजन मात्र अर्धा-पाऊण ग्रॅम कमी, असे दिसल्यास व्यवहार थांबवावा. 1940 पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा आहे. तो चांदीचा म्हणून कोणी विकू लागल्यास लोहचुंबक जवळ न्यावा; निकेल त्याला चिकटते, चांदी चिकटत नाही.

दुसरी कसोटी काठाची. टांकसाळीतील नाणे ठशाच्या दाबाने घडते. नकली नाणे बहुधा साच्यात ओतलेले असते. ओतीव नाण्याच्या काठावर दोन अर्ध्या साच्यांची सांधरेषा किंवा ती लपविण्यासाठी फिरविलेल्या कानशीचे ओरखडे दिसतात. भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक छिद्रे आढळतात आणि अक्षरांच्या कडा बोथट वाटतात.

शिवराईची गोष्ट थोडी निराळी. छत्रपती शिवाजी महाराजांच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. ती हाताने ठोकलेली असल्यामुळे एकीसारखी दुसरी नसते. कुठे अक्षर काठाबाहेर जाते, कुठे ठसा तिरपा पडतो. म्हणून एकाच विक्रेत्याकडील दोन शिवरायांवर तीच चीर, तोच खळगा आणि तोच तिरपेपणा दिसला, तर त्या एकाच साच्यातील भावंडे आहेत, असे खुशाल समजावे. जुन्या तांब्यावरील काळसर थर घट्ट बसलेला असतो. रसायनाने चढविलेला रंग ओल्या कापडाला लागतो. मात्र खरे नाणे चिंच लावून चकचकीत करू नये. त्याने संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल घटते.

दंतकथांचा बाजार

‘ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, 1818’ असे कोरलेली, मागे राम दरबार किंवा हनुमान असलेली नाणी ठिकठिकाणी दाखविली जातात. ती तांदूळ खेचतात, असे सांगून लाखोंचे सौदे केले जातात. वस्तुतः कंपनीने साऱ्या हिंदुस्थानासाठी एकसारखी नाणी पाडावयास आरंभ केला तो 1835 मध्ये, आणि एक आण्याचे नाणे आले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, सातव्या एडवर्डच्या काळात. भाविकांसाठीची मुद्रा म्हणून ती विकण्यात गैर काही नाही. चलनी नाणे म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

दुसरा सापळा विकणाऱ्यासाठी असतो. ‘तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी शुल्क किंवा कर भरा’ असा निरोप येतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये याविषयी जनतेला सावध केले. बँक असे व्यवहार करीत नाही आणि त्यासाठी कमिशनही घेत नाही. फसगत झाल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

घेताना आणि ठेवताना

2001 मध्ये भगवान महावीरांच्या 2600 व्या जन्मकल्याणकानिमित्त भारत सरकारने पाच व शंभर रुपयांची स्मारक नाणी काढली. शंभराचे नाणे 35 ग्रॅमचे, 44 मिलिमीटर व्यासाचे आणि निम्म्या चांदीचे आहे. ही मापे हाताशी असली की खरेदीच्या वेळी साधा वजनकाटाही पुष्कळ सांगून जातो. पक्की पावती घ्यावी. तारीख, किंमत व वजन वहीत नोंदवावे. जमिनीत सापडलेला ठेवा 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी विनापरवाना परदेशी नेता येत नाहीत.

नाणेपारख ही जैनांना परकी विद्या नाही. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याने 1318 मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचून निरनिराळ्या राज्यांतील नाण्यांची वजने, धातूंचे प्रमाण आणि मूल्ये नोंदवून ठेवली. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, खोटी मापे वापरणे आणि खऱ्याच्या जागी नकली वस्तू खपविणे हे तिन्ही येतात. म्हणजे येथे ग्राहकाची सावधगिरी जेवढी महत्त्वाची, तेवढीच विक्रेत्याची जबाबदारीही. एखादे खोटे नाणे पदरी पडलेच, तर ते पुढच्याच्या हाती सरकवून तोटा भरून काढण्याचा मोह होतो. ते नाणे ‘नकली’ अशी चिठ्ठी लावून वेगळे ठेवावे. घरातील मुलांना खऱ्या-खोट्यातला फरक शिकविण्यास त्याचा उपयोग होईल आणि दुकानाची पतही अबाधित राहील.