‘यूज स्ट्रिक्ट’ला अवतरणचिन्हं कशाला?

ऐकताना कोड दिसत नाही, म्हणून आज प्रत्येक ओळ उच्चारूनच सांगतोय.

जावास्क्रिप्टच्या फाइलीत सगळ्यात वर बरेचदा एक ओळ असते, अवतरणचिन्हांत ‘यूज स्ट्रिक्ट’. ती काही मोजत नाही, काही छापत नाही. इंजिनला फक्त सांगते, पुढचा कोड कडक नियमांनी वाच. अशा ओळीला म्हणतात डायरेक्टिव्ह. कडक मोड नसताना ‘टोटल’ऐवजी चुकून ‘टोटाल’मध्ये आकडा ठेवलात, तर जावास्क्रिप्ट गुपचूप नवं ग्लोबल व्हेरिएबल बनवतं. बिल चुकतं, एरर येत नाही. कडक मोडमध्ये तिथल्या तिथे एरर.

गंमत म्हणजे व्याकरणाच्या हिशेबानं ही ओळ नुसती स्ट्रिंग आहे. २००९ साली ईसीएमएस्क्रिप्ट ५ आलं तेव्हा जुने ब्राउझर सगळीकडे होते. नवा कीवर्ड आणला असता तर त्यांच्यात अख्खी स्क्रिप्टच पडली असती. सुटी स्ट्रिंग मात्र आधीपासून चालत होती. जुनं इंजिन ती वाचून पुढे जातं. डोकं लावलंय, मान्य!

पण ‘यूज स्ट्रिक’ असं अर्धवट लिहिलं तरी ती वैध स्ट्रिंगच ना? इंजिन गप्प. तिच्या आधी दुसरं स्टेटमेंट आलं तर सूचना निकामी, तरीही गप्प. दोन फाइली एकामागे एक जोडल्या, तर पहिलीतली सूचना दुसरीलाही लागू. हेल्मेट घातलंय असं आपल्याला वाटतं, आणि पट्टा लावलेलाच नसतो.

पर्लमध्ये हेच शब्द अवतरणचिन्हांशिवाय येतात. तिथं ‘यूज’ हा खरा कीवर्ड. पुढचं नाव चुकलं तर असं मॉड्यूल सापडत नाही म्हणून पर्ल कम्पाइल होतानाच थांबतं. महिरपी कंसात लिहिलं तर सूचना त्या ब्लॉकपुरतीच. पायथॉनमध्ये ‘फ्यूचर’मधून इम्पोर्ट करताना अनोळखी नाव दिलं की सिंटॅक्स एरर. (‘ब्रेसेस’ मागून बघा, चक्क उडवून लावतं.) पीएचपी ७ मधली ‘स्ट्रिक्ट टाइप्स’ची सूचना पहिलं स्टेटमेंट नसेल तर थेट फेटल एरर.

रुबीनं २.३ मध्ये स्ट्रिंग गोठवायची सूचना कमेंटमध्ये ठेवली. मला हे पटत नाही. लिंटरसाठीची टीप कमेंटमध्ये खुशाल असू दे, ती गळली तरी प्रोग्राम तसाच चालतो. पण जी सूचना कोडचा अर्थच बदलते, तिला व्याकरणात स्वतःची जागा हवी, हद्द हवी, आणि चुकली की आरडाओरडा हवा.

२०१५ नंतरच्या जावास्क्रिप्ट मॉड्यूलमध्ये कडक मोड आपोआप असतो, ही ओळ लागतच नाही. तरी रिॲक्टनं ‘यूज क्लायंट’साठी तीच स्ट्रिंगची युक्ती पुन्हा काढलीच.

तुमच्या जुन्या फाइलीत कडक मोड खरंच चालू आहे का? साध्या फंक्शनमध्ये ‘धिस’ छापा आणि ते नुसतं नावानं कॉल करा. ‘अनडिफाइन्ड’ आलं तर चालू आहे.