नाहींसा झालेला क्लोरीन

भिवंडी हें मागांचें गांव. कोऱ्या कापडाचा पिवळसरपणा जाऊन तें शुभ्र व्हावें म्हणून जी पूड कापडाच्या धंद्यांत आली, तीच आज घरोघरच्या पाण्यांत पडते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यानें १७९९ सालीं या विरंजक चूर्णाचें पेटंट घेतलें तें कापडासाठीं. पुढें १८९७ सालीं इंग्लंडांतील मेडस्टन गांवीं विषमज्वराची सांथ आली, तेव्हां याच चूर्णाचा द्राव सोडून नळ निर्जंतुक करण्यांत आले. आपल्या खेडोपाडीं त्याला टीसीएल पावडर म्हणतात. त्यांतील गुणकारी द्रव्य म्हणजे क्लोरीन.

गृहस्थ गच्चीवरील टाकींत ही पूड घालतो व निश्चिंत होतो. दुसऱ्या दिवशीं तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून पाहावें, तर पाणी पिवळें होत नाहीं. म्हणजे क्लोरीनचा मागमूस उरलेला नाहीं. मग तो दुप्पट पूड घालतो, आणि तीहि नाहींशी होते. हा क्लोरीन जातो तरी कोठें?

त्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली वाट पुडीच्या डब्यांतच असते. ताज्या चूर्णांत सुमारें ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. परंतु पिशवी उघडी राहिली, दमट हवा व उजेड लागला, कीं तो हळूहळू उडून जातो. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत तर हें फार लवकर घडतें. दुसरी वाट सूर्याची. झांकण नसलेल्या टाकींत कडक उन्हानें कांहीं तासांतच बहुतेक क्लोरीन नाश पावतो. तिसरी वाट मात्र भयसूचक आहे. टाकीच्या भिंतींवरील शेवाळ, कुजलेला पाला, तळचा गाळ, अथवा पाण्यांत मिसळलेलें सांडपाणी यांच्याशीं झगडण्यांत क्लोरीन खर्च होतो. सांडपाण्यांतील अमोनियाशीं त्याचा संयोग होऊन जीं द्रव्यें बनतात, त्यांना उग्र वास असतो, पण जंतु मारण्याचें सामर्थ्य फार कमी. म्हणून वास आला म्हणजे पाणी निर्धोक झालें, असें समजूं नये.

या तिहींतून खरें कारण निवडण्यास एका रात्रीची परीक्षा पुरे. सूर्यास्तानंतर टाकींत योग्य प्रमाणांत, म्हणजे हजार लिटरांस सुमारें अडीच ग्रॅम चांगली पूड, बादलीभर पाण्यांत कालवून वरचें निवळ पाणी ओतावें. तासाभरानें क्लोरीन मोजावा व पहांटे उजाडण्यापूर्वीं पुन्हां मोजावा. दोन्ही वेळचे आंकडे जवळजवळ सारखे असल्यास दोष उन्हाचा; टाकीस घट्ट झांकण बसविलें कीं काम झालें. रात्रींतून आंकडा बराच घसरला, तर पाणी अथवा टाकी अस्वच्छ आहे. तासाभरानेंहि क्लोरीन मुळींच दिसला नाहीं, तर तीच पूड त्याच प्रमाणांत उकळून गार केलेल्या स्वच्छ पाण्यांत घालून पाहावी. तेथें रंग आला तर पूड चांगली आहे, आणि दोष पाण्यांतच आहे.

यानंतर तो दोष कोठें शिरला हें शोधावें. टाकींत पडण्यापूर्वीं नळाचें पाणी तपासावें, मग टाकींतील, मग स्वयंपाकघरांतील. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. नळाशीं तो आहे आणि टाकींत नाहीं, तर टाकी रिकामी करून घासून धुवावी. नळाशींच नसेल, तर प्रश्न एका घराचा राहत नाहीं. ठराविक वेळींच पाणी येणाऱ्या गांवांत पाणी बंद झालें कीं नळांतील दाब उतरतो, आणि गटाराजवळून गेलेल्या नळास चीर असल्यास भोंवतालची घाण आंत ओढली जाते. अशा वेळीं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नळांचेंहि पाणी तपासून नगरपालिकेस अथवा महानगरपालिकेस तत्काळ कळविणें हाच मार्ग. आणि दोष सांपडेपर्यंत पिण्याचें पाणी उकळून घ्यावें. विषमज्वर, कावीळ, पटकी हे रोग याच वाटेनें घरांत येतात, आणि लहान मुलांच्या जिवावर बेततात.

क्लोरीन नाहींसा होणें ही केवळ पुडीची नासाडी नव्हे, ती एक सूचना आहे. वाड्याचा पहारेकरी रात्रींतून दिसेनासा झाला, तर दुसरा नेमण्यापूर्वीं वाड्यांत कोण शिरलें आहे, हें शहाणा धनी अगोदर पाहतो. पाण्याच्या बाबतींतहि शहाणपण तेंच.