घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? आधी खोली, मग माइक, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी

घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हटलं की मला येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, माइक कुठला घेऊ?" माझं उत्तरही आता ठरलंय. आधी एक रुपयाही खर्च करू नकोस. खोलीच्या मधोमध उभा राहा आणि जोरात टाळी वाजव.

टाळीनंतर 'टण्ण' असा आवाज घुमला, तर महागातला माइकसुद्धा तो घुमणारा आवाजच जास्त स्पष्ट टिपेल. बरेच जण खर्चाचा क्रम उलटा लावतात, म्हणून आज तो क्रम नीट बघू.

घरचं रेकॉर्डिंग म्हणजे कच्चं काम, हा समजही आधी काढून टाका. ब्रूस स्प्रिंगस्टीनने 'नेब्रास्का' हा अल्बम न्यू जर्सीतल्या आपल्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर टिपला आणि १९८२ साली तेच घरचं रेकॉर्डिंग बाजारात आणलं. बिली आयलिशचा २०१९ चा अल्बम मुख्यतः लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरी, भावाच्या बेडरूममध्ये तयार झाला आणि २०२० मध्ये त्याला 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं.

१. खोली: गोधडी कामाला येते

उघड्या भिंती, फरशी आणि काचा आवाज परत फेकतात. कापूस आणि जाड कापड तो शोषून घेतात. म्हणून घरातली सगळ्यात लहान, सामानाने भरलेली खोली निवडा. कपड्यांचं कपाट उघडा आणि त्याच्याकडे पाठ करून गा. माइकमागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी किंवा गादी टाका. पुन्हा टाळी वाजवून फरक ऐका.

एक गोष्ट लक्षात ठेवा: गोधडी असो की बाजारातला पातळ फोम, दोन्ही खोलीतला घुमारा कमी करतात. बाहेरचा रिक्षाचा हॉर्न किंवा शेजारच्या कुकरची शिट्टी त्याने थांबत नाही. त्यावर उपाय वेळ निवडण्याचा: पहाटे किंवा रात्री उशिरा. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर.

२. अंतर: फुकट मिळणारी सुधारणा

माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की माइकपर्यंत थेट पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणजे जवळ गेलं की आवाज पुढे येतो, खोली मागे जाते. गाण्यासाठी एक वीत अंतर चांगलं. 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका बसत असेल तर माइक तोंडासमोरून थोडा बाजूला सरकवा.

३. फोनचा रेकॉर्डर तानपुरा का खातो?

फोनचा माइक बोलण्यासाठी जुळवलेला असतो. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं त्यातल्या नॉइज सप्रेशनला वाटतं. पंख्यासोबत ते तानपुराही दाबतं आणि पेटीचा धरून ठेवलेला सूर मधेच बारीक होतो. दुसरा घोळ ऑटो गेनचा: तुम्ही हळू गायलात की तो आवाज वाढवतो, तार सप्तकात गेलात की दाबतो. गाण्यातला चढउतारच सपाट होतो.

म्हणून असं रेकॉर्डर अ‍ॅप निवडा ज्यात हे दोन्ही बंद करता येतात आणि फाइल 'वेव्ह' फॉरमॅटमध्ये साठवता येते. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो असं ठेवलं तर एका मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा लागते. पाच मिनिटांचं गाणं ४५ एमबीच्या आत बसतं.

आवाजाची पातळी लावताना गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग गाऊन बघा. मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहिला पाहिजे. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. कमी पातळीवर टिपलेला आवाज मात्र सहज वाढवता येतो.

४. आता माइक

• कॉलरचा माइक: फोनला थेट जोडायचा असेल तर पिनवर तीन काळ्या रेघा हव्यात. कॅमेऱ्यासाठीच्या पिनला दोनच असतात आणि ती थेट फोनमध्ये बहुधा चालत नाही.
• डायनॅमिक माइक: मंडपात, कीर्तनात दिसतो तो. लांबचे आवाज कमी टिपतो, त्यामुळे गजबजलेल्या घरात हाच बरा.
• कंडेन्सर माइक: बारीकसारीक सगळं टिपतो, शेजारचा टीव्हीसुद्धा. स्टुडिओतल्या माइकला ४८ व्होल्टची 'फँटम पॉवर' लागते आणि ती ऑडिओ इंटरफेसमधून मिळते. माइक, स्टँड आणि रंगीत दिव्यांचं साउंड कार्ड असा स्वस्त कॉम्बो घेण्याआधी त्यात ही पॉवर आहे का, ते बघाच.

इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज डिजिटल करून यूएसबीने फोन किंवा लॅपटॉपला देणारी डबी. अँड्रॉइड ५ पासून यूएसबी ऑडिओची सोय आली, तरी सगळ्या फोनवर ती सारखी चालत नाही. दुकानात स्वतःचा फोन जोडून बघूनच पैसे द्या.

५. ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा

आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबलजी साडेतीन मीटरवर बसल्यासारखं. तेवढं चालतं. ब्लूटूथवर हा उशीर बऱ्याचदा १०० मिलिसेकंदांच्या वर जातो, म्हणजे तबलजी थेट रस्त्यापलीकडे! ठेका ऐकत गायलात तर सम चुकणारच. साधा वायरचा इअरफोन वापरा.

६. सॉफ्टवेअर

फोनवर बँडलॅब, आयफोनवर गॅरेजबँड, कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी: तिन्ही फुकट सुरू करता येतात. पुढे रीपर बघा, त्याची ६० दिवसांची चाचणी मिळते. सुरुवातीला चार कामं पुरे: नको ते भाग कापणं, ८० हर्ट्‌झखालची घरघर काढणं, आवाजाची पातळी सारखी करणं आणि शेवटी चिमूटभर रिव्हर्ब.

ऑटोट्यून जपून. ते सूर ओढून जवळच्या स्वरावर बसवतं. त्यामुळे मींडेचा घसरता सूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटतो. अभंग, नाट्यगीत, लावणी गात असाल तर बंदच ठेवा.

मूळ फाइल जपा

पुष्कळ घरांत आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, आजोबांना गवळणी, भारूडं. त्या आवाजांचा 'रीटेक' नंतर मिळणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर ते टिपू नका, ती आवाज दाबून लहान करते. वेव्ह फाइल करा, तिच्यावर कुठलाही इफेक्ट लावू नका, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी ठेवा. कुणाला पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशीच जाते. फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहा.

हे करायला नवा माइक लागत नाही. येत्या रविवारी पंखा बंद करा, फोन आजीपासून एक वीत अंतरावर ठेवा आणि एकच ओवी टिपून ऐका. त्यात काय कमी पडतंय ते तुमच्याच कानांना कळेल, आणि पहिला खर्च त्याच गोष्टीवर करा.