हिरव्या पाण्यातील विष आणि ताटातील भाजी

दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराचे पाणी प्यायलेली मेंढरे, घोडे व कुत्री मरण पावल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी 1878 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सरोवरावर हिरव्या तैलरंगासारखी दाट साय आली होती. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषारीपणाची ही पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते. पुढे शंभर वर्षे या विषाचा विचार प्रामुख्याने पिण्याच्या पाण्यापुरताच झाला. तेच पाणी पिकाला दिल्यास काय होते, हा प्रश्न त्या मानाने अलीकडचा आहे.

निळे-हिरवे शेवाळ हे वस्तुतः सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जीवाणू होत. ते सर्वच अपायकारक नाहीत. भातखाचरात हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या त्यांच्या जाती शेतकऱ्यांना खत म्हणून परिचित आहेत. परंतु सांडपाणी व खते यांतून नत्र आणि स्फुरद साठलेल्या, संथ व उबदार पाण्यात मायक्रोसिस्टिस यासारख्या जाती बेसुमार वाढतात. त्यांच्या पेशींत मायक्रोसिस्टिन हे विष तयार होऊ शकते. ते यकृतावर आघात करते. ही रचना इतकी टिकाऊ असते की पाणी उकळल्याने अथवा भाजी शिजवल्याने ते नाहीसे होईल, असा भरवसा धरता येत नाही.

हे विष वनस्पतीत दोन मार्गांनी पोहोचते. पहिला मार्ग मुळांचा. पाण्यात विरघळलेले विष मुळे शोषून घेतात. भात, गहू, मका इत्यादी पिकांवरील प्रयोगांत हे दिसून आले आहे. सामान्यतः मुळांत त्याचे प्रमाण अधिक, तर पाने व फळे यांत कमी आढळते. पेशींचे कार्य नियंत्रित करणारी काही विकरे हे विष बंद पाडते आणि ती विकरे प्राण्यांप्रमाणे वनस्पतींतही असतात. म्हणून विषाचे प्रमाण वाढल्यास बियांची उगवण मंदावते व मुळांची वाढ खुंटते. दुसरा मार्ग पानांचा. तुषार सिंचनाने शेवाळाच्या पेशी थेट पानांवर बसतात. सॅलडच्या पानांवर 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेवटच्या सिंचनानंतर 10 दिवसांनीही पानांत विष आढळले.

पाणवनस्पतींचे वर्तन उद्बोधक आहे. नळगवत व पाण्यात बुडून वाढणारी सेरॅटोफिलम यांसारख्या वनस्पती विष शोषून घेतात आणि ग्लुटाथायोन या द्रव्याशी त्याचा संयोग घडवून त्याची तीव्रता कमी करतात. मात्र या क्रियेत त्यांची शक्ती खर्च होते. शिवाय सर्वच विषाचा निचरा होतो असे नाही. म्हणून बाधित तलावातील वनस्पती कापून जनावरांना घालणे इष्ट नव्हे.

थोडे विष पोटात गेल्यास काय बिघडते, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेने 1998 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआरची मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम सुचविली. 60 किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीस दिवसाकाठी सुमारे 2.4 मायक्रोग्रॅम सुसह्य मानले गेले. या मर्यादेइतके विष असलेले 2 लिटर पाणी प्यायल्यावर अन्नासाठी अवघे 0.4 मायक्रोग्रॅम उरते. एकाच जलाशयावर नळही आणि मळाही अवलंबून असेल, तर हा हिशेब सहज चुकू शकतो. मुलांचे वजन कमी असल्याने त्यांच्या बाबतीत तो अधिकच काटेकोर ठेवावा लागतो.

काही साध्या गोष्टी शेतकरी बांधवांच्या हाती आहेत. वाऱ्याने साय ज्या काठाला साचते, तेथून व पृष्ठभागालगतचे पाणी उचलू नये. तलाव हिरवागार असताना पालेभाज्यांवर ते पाणी फवारू नये. शक्य असल्यास विहिरीचे पाणी वापरावे. ठिबक सिंचनाने पाने वाचतात, मुळे मात्र वाचत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे. दाट शेवाळावर मोरचूद टाकण्याचा मोह टाळावा, कारण पेशी फुटून आतील विष एकदम पाण्यात मिसळते. भाजी धुतल्याने पृष्ठभागावरील पेशी कमी होतात, आत शिरलेले विष जात नाही.

खरा उपाय जलाशयाच्या वरच्या बाजूस आहे. नदीत सोडले जाणारे सांडपाणी शुद्ध करणे आणि खतांचा वापर पिकाच्या गरजेपुरता ठेवणे, या दोन गोष्टी साधल्या तर शेवाळाचे अन्नच तुटेल. गावाचे पाणी स्वच्छ राखणे म्हणजे गावाची भाजी निर्धोक राखणे होय.